प्रिस्टलीचा उंदीर आणि तुमच्या लॅबमधला ऑक्सिजन सेन्सर

शाळेच्या लॅबमध्ये नवा ऑक्सिजन सेन्सर आला की पहिल्या दिवशी काय होतं? सेन्सर ब्लूटूथनं मोबाईलला जोडला जातो, अ‍ॅप उघडतं, स्क्रीनवर २०.९ टक्के असा आकडा दिसतो आणि सगळे खूश. मग कुणीतरी श्वास सोडून बघतं, आकडा घसरतो, हशा पिकतो. चार दिवसांनी सेन्सर डब्यात जातो. पुढच्या वर्षी बाहेर काढला की तो मोकळ्या हवेतच १५ दाखवतो. मग एकच निकाल लागतो: खराब झाला, टाका कपाटात.

थांबा. तो खराब झालाय की तुम्ही त्याला नीट विचारलंच नाहीये, हे कळायला एका माणसाची गोष्ट उपयोगी पडेल. त्याच्याकडे सेन्सर नव्हता, बॅटरी नव्हती, स्क्रीन तर नव्हतीच. पाण्याची परात, काचेच्या नळ्या, मेणबत्ती आणि उंदीर एवढ्या सामानावर त्यानं हवा किती चांगली आहे हे मोजून दाखवलं आणि ऑक्सिजन शोधला. गंमत म्हणजे आपण नेमकं काय शोधलं, हे मात्र त्यानं शेवटपर्यंत मान्य केलं नाही. त्याचं नाव जोसेफ प्रिस्टली.

शाळामास्तर आणि त्याची यंत्रं

प्रिस्टलीचा जन्म १७३३ साली इंग्लंडमधल्या यॉर्कशर भागात, लीड्सजवळच्या बर्स्टल गावी झाला. वडील लोकरीच्या कापडाला शेवटची सफाई द्यायचं काम करायचे. आई लहानपणीच गेली आणि मुलाला आत्यानं वाढवलं. पोरगा हुशार, भाषा पटापट शिकणारा, पण बोलताना अडखळायचा. त्यात घरचे लोक इंग्लंडच्या अधिकृत चर्चला न मानणाऱ्या पंथाचे. अशा लोकांना त्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे. म्हणून तो डॅव्हेंट्री इथल्या, त्याच पंथाच्या लोकांनी चालवलेल्या शिक्षणसंस्थेत शिकला आणि धर्मोपदेशक झाला. तोतरेपणामुळे पहिल्या गावात त्याचा जम काही बसला नाही.

१७५८ मध्ये तो नँटविच गावी गेला आणि तिथे त्यानं शाळा काढली. तीसेक मुलं, शिवाय वेगळ्या खोलीत काही मुली. पगार बेताचा, पण थोडे पैसे साठल्यावर त्यानं दोन वस्तू विकत घेतल्या. एक छोटा हवापंप, म्हणजे भांड्यातली हवा उपसून काढणारं यंत्र, आणि दुसरं घर्षणानं वीज तयार करणारं यंत्र. त्या काळातल्या गावच्या शाळेत ही यंत्रं म्हणजे चैनच.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. प्रिस्टलीनं ही यंत्रं कुलपात ठेवली नाहीत. वरच्या वर्गातल्या मुलांना त्यानं ती वापरायला तर शिकवलीच, पण स्वच्छ आणि चालू स्थितीत ठेवायलाही शिकवलं. पालक यायचे तेव्हा प्रयोग मुलंच करून दाखवायची. म्हणजे यंत्र वापरणारा आणि यंत्राची निगा राखणारा, दोन्ही एकच. आपल्या सेन्सरचं गणित नेमकं इथेच चुकतं. वापरायला सगळे, निगा राखायला कुणीच नाही.

पुढे तो वॉरिंग्टनच्या अकादमीत शिकवायला गेला, मेरी विल्किन्सनशी लग्न झालं, लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिनची ओळख झाली. १७६६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि १७६७ मध्ये त्याचं विजेच्या इतिहासावरचं जाडजूड पुस्तक आलं. या पुस्तकात त्यानं दुसऱ्यांचे प्रयोग नुसते लिहून काढले नाहीत, त्यातले बरेच स्वतः करून पाहिले.

शेजारी बिअरची भट्टी

१७६७ मध्ये प्रिस्टली लीड्सला राहायला आला. घराशेजारीच बिअर बनवायची भट्टी होती. मोठमोठ्या पिंपांत धान्य आंबत असे आणि पिंपाच्या वर जड हवेचा एक थर तरंगत राही. त्यात पेटती काडी नेली की विझायची आणि तिचा धूर त्या थरावरच पसरायचा. त्या काळी या वायूला स्थिर हवा म्हणत. आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

प्रिस्टलीनं पिंपावर दोन भांडी धरून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं. पाण्यात वायू मुरला आणि पाणी चुरचुरीत झालं. १७७२ मध्ये त्यानं असं पाणी कसं बनवायचं याची छोटी पुस्तिकाच काढली. सोड्याच्या बाटलीची सुरुवात इथली. त्यानं त्यातून पैसे कमावले नाहीत. धंदा पुढे जेकब श्वेपनं केला.

भट्टीशेजारी लागलेला वायूंचा नाद मग सुटला नाही. वायू गोळा करायचा तर तो उडून जातो. म्हणून पाण्याच्या परातीत पाण्यानं भरलेली बरणी उपडी ठेवायची, खालून नळीनं वायू सोडायचा, की पाणी खाली उतरतं आणि वायू बरणीत साठतो. काही वायू पाण्यात विरघळतात. तिथे त्यानं पाण्याऐवजी पारा वापरला. एवढ्या साध्या बदलामुळे अमोनियासारखे वायू पहिल्यांदाच नीट हाती लागले. पारा विषारी असतो हे आज आपल्याला पक्कं माहीत आहे, त्यामुळे हा भाग फक्त वाचायचा, करून बघायचा नाही.

पुदिन्याची काडी

आता येतो तो प्रयोग, जो तुम्ही सेन्सर लावून आजही करू शकता.

बंद बरणीत मेणबत्ती थोड्या वेळानं विझते. बंद बरणीत उंदीर ठेवला तर तो गुदमरतो. हे सगळ्यांना माहीत होतं. प्रिस्टलीला प्रश्न पडला की जगात इतकी चुली-दिवे आणि इतके प्राणी असताना सगळी हवा बिघडून कशी जात नाही? ती पुन्हा चांगली कोण करतं?

१७ ऑगस्ट १७७१ ला त्यानं एका बरणीत मेणबत्ती विझू दिली आणि त्याच हवेत पुदिन्याची काडी ठेवली. दहा दिवसांनी, २७ ऑगस्टला, त्याच हवेत दुसरी मेणबत्ती मजेत जळली. पुदिन्यानं हवा दुरुस्त केली होती. पुढच्या प्रयोगांत उंदीरही अशा हवेत जगला.

मात्र हा प्रयोग कधी जमायचा, कधी फसायचा. इतरांनाही तसाच अनुभव येई. कारण १७७९ मध्ये यान इंगेनहाउस यानं दाखवून दिलं. झाडाचा हिरवा भाग हवा सुधारतो, पण फक्त उजेडात. अंधारात झाडही हवा बिघडवतंच. प्रिस्टलीच्या प्रयोगात उजेड कधी पुरेसा असे, कधी नसे, आणि त्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

म्हणून वर्गात हा प्रयोग करताना बाटल्या किमान तीन हव्यात. पहिल्या पारदर्शक बाटलीत ताजी पालकाची पानं, उजेडात. दुसरीत तितकीच पानं, पण बाटली काळ्या कागदात गुंडाळलेली. तिसरी बाटली रिकामी, उजेडात. सेन्सर एकच असेल तर तो आळीपाळीनं लावा आणि प्रत्येक वेळी सारखाच वेळ थांबा. तिसरी रिकामी बाटली कशाला, असं वाटेल. पण रिकाम्या बाटलीतही आकडा सरकत असेल तर तो पानांचा पराक्रम नाही. एकतर बूच गळतंय, नाहीतर दिव्यानं बाटली तापतेय. तापणं टाळायला एलईडी दिवा वापरा.

दुसरा सोपा प्रयोग मोड आलेल्या मटकीचा. एका बाटलीत मोड आलेली मटकी, दुसरीत तीच मटकी उकडून गार केलेली. जिवंत मटकी श्वास घेते, तिच्या बाटलीतला ऑक्सिजन हळूहळू कमी होतो. उकडलेलीचा होत नाही. उंदीर नको, मेणबत्ती नको, आणि तासाभरात फोनवर आलेख तयार.

पहिला सेन्सर: वायूनं वायू मोजणं

मेणबत्ती आणि उंदीर यांचं उत्तर हो किंवा नाही एवढंच. मेणबत्ती विझली म्हणजे ऑक्सिजन संपला का? अजिबात नाही. बंद बरणीत मेणबत्तीशेजारी सेन्सर ठेवून बघा. ज्योत विझते तेव्हाही साधारण १६ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन शिल्लक असतो. पुस्तकात कधीकधी लिहिलेलं असतं की सगळा ऑक्सिजन जळला म्हणून बरणीत पाणी एक पंचमांश वर चढलं. ते चूक आहे. पाणी चढतं ते मुख्यतः गरम झालेली हवा गार होऊन आकसते म्हणून.

प्रिस्टलीला किती हा प्रश्न सतावत होता. उत्तर त्याला १७७२ मध्ये मिळालं. नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू साध्या हवेत मिसळला की लगेच लालसर तपकिरी होतो आणि तो तपकिरी वायू पाण्यात विरघळतो. म्हणजे एकूण आकारमान घटतं. हवा जितकी चांगली, तितकी घट जास्त. त्यानं नियम ठरवला: दोन मापं हवा, एक माप नायट्रिक ऑक्साइड. चांगल्या हवेत ही तीन मापं मिसळल्यावर दोन मापंही उरत नसत. बिघडलेल्या हवेत घट कमी होई. उंदरांची सुटका झाली आणि हवेला पहिल्यांदा आकडा मिळाला.

यात एक गोष्ट आजच्या सेन्सरसारखीच आहे. प्रत्येक वेळी तुलना कशाशी? तर बाहेरच्या साध्या हवेशी. तीच त्याची मोजपट्टी. तुम्ही सेन्सर कॅलिब्रेट करता तेव्हा हेच करता. मोकळ्या, कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो जगभर जवळपास सारखाच असतो, म्हणून अ‍ॅपला सांगायचं की आत्ता जे दिसतंय ते २०.९ समज.

मग तुमचा सेन्सर आतून काय करतो? शाळेत मिळणारा हवेतला ऑक्सिजन सेन्सर बहुतेक वेळा एक छोटी बॅटरीच असतो. पातळ पडद्यातून ऑक्सिजन आत शिरतो, आतल्या रसायनाशी आणि शिशाच्या तुकड्याशी त्याची क्रिया होते आणि थोडासा विद्युतप्रवाह तयार होतो. ऑक्सिजन जास्त, तर प्रवाह जास्त. सर्किट त्या प्रवाहाचं टक्क्यांत रूपांतर करतं. (कोविडच्या काळात बोटाला लावायचो तो ऑक्सिमीटर वेगळा बरं का. तो प्रकाशावरून रक्तातला ऑक्सिजन ओळखतो, हवेतला नाही.)

यातून दोन गोष्टी निघतात. एक, या क्रियेत आतलं शिसं हळूहळू संपत जातं, अगदी सेन्सर डब्यात पडून असला तरी. म्हणून असे सेन्सर साधारण दोन वर्षं चालतात आणि मधल्या काळात त्यांचा प्रवाह कमी होत जातो. वर्षभरानं काढल्यावर १५ दाखवणं हे नेहमी मरणाचं लक्षण नसतं. कॅलिब्रेट करा, मग निकाल द्या.

दोन, हा सेन्सर खरं तर टक्के मोजत नाही, ऑक्सिजनचा दाब मोजतो. मुंबईत समुद्रसपाटीला कॅलिब्रेट केलेला सेन्सर सहलीला महाबळेश्वरला नेलात तर तो १८ च्या आसपास दाखवेल. महाबळेश्वरच्या हवेतही ऑक्सिजन २०.९ टक्केच आहे, फक्त उंचीमुळे एकूण हवेचा दाब साधारण १५ टक्क्यांनी कमी आहे. जिथे प्रयोग, तिथेच कॅलिब्रेशन.

भिंग, लाल भुकटी आणि फसलेलं माप

१७७३ मध्ये प्रिस्टलीला लॉर्ड शेलबर्न या बड्या राजकारण्याकडे ग्रंथपालाची आणि मुलांच्या शिक्षणाची नोकरी मिळाली. पगार चांगला, मोकळा वेळ भरपूर, आणि बोवुड इथल्या हवेलीत प्रयोगाला जागा.

१ ऑगस्ट १७७४ ला त्यानं मोठ्या भिंगानं सूर्यप्रकाश एकवटून पाऱ्याची लाल भुकटी, म्हणजे मर्क्युरिक ऑक्साइड, तापवली. एक वायू निघाला. त्यात मेणबत्ती नेली तर ती झगमगून पेटली. हे काय आहे ते त्याला कळेना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो शेलबर्नबरोबर पॅरिसला गेला आणि आंत्वान लव्हाझिएच्या घरी जेवताना त्यानं हा प्रयोग सगळ्यांना सांगून टाकला.

मार्च १७७५ मध्ये त्यानं या वायूवर आपली नेहमीची चाचणी केली. दोन मापं हा वायू, एक माप नायट्रिक ऑक्साइड. घट आली साध्या हवेइतकीच. मग निष्कर्ष काय काढणार? ही साधी चांगली हवाच आहे.

चूक कुठे झाली ते दिसतंय का? नायट्रिक ऑक्साइड एकच माप होतं, ते संपलं आणि क्रिया थांबली. वायूतला ऑक्सिजन मात्र भरपूर शिल्लक होता. चाचणी साध्या हवेसाठी आखलेली, तिची मर्यादा तिथेच संपत होती. आजच्या भाषेत सांगायचं तर मोजमाप सेन्सरच्या रेंजबाहेर गेलं होतं. पाच किलोच्या तराजूवर वीस किलोचं पोतं ठेवलं तरी काटा पाचवरच अडकणार, तसं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगातून उरलेल्या वायूत त्यानं मेणबत्ती नेली. साधी हवा असती तर चाचणीनंतर उरलेल्या भागात ज्योत विझायला हवी होती. इथे ती साध्या हवेपेक्षाही छान जळली. मग ८ मार्चला उंदीर. एवढ्या साध्या हवेत तो पाव तास जगला असता. या वायूत तो अर्धा तास राहिला, आणि गारठून निपचित पडलेला बाहेर काढल्यावर शेकोटीजवळ धरताच पुन्हा हालचाल करू लागला. आता मात्र प्रिस्टलीनं नायट्रिक ऑक्साइड वाढवत वाढवत चाचणी पुन्हा केली आणि आकडा काढला: ही हवा साध्या हवेपेक्षा चार ते पाच पट चांगली आहे.

जरा भागाकार करा. हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन, आणि हा शुद्ध वायू १०० टक्के. शंभराला २०.९ नं भागलं तर ४.८ येतात. परात, नळ्या आणि एका उंदरावर काढलेलं उत्तर इतकं जवळचं!

याच चाचणीनं लव्हाझिएही फसला. १७७५ च्या वसंतात त्यानं पॅरिसमध्ये जो निबंध वाचला, त्यात हा वायू म्हणजे साधी हवाच असं धरलं होतं. प्रिस्टलीनं ही चूक जाहीरपणे दाखवून दिली. लव्हाझिएनं ती पुढे सुधारली. स्वीडनमध्ये कार्ल शील यानं तर हाच वायू प्रिस्टलीच्याही आधी तयार केला होता, पण त्याचं पुस्तक छापून यायला १७७७ साल उजाडलं.

आकडा बरोबर, अर्थ चुकीचा

इतकं अचूक मोजणारा माणूस अर्थ लावताना मात्र अडकला.

त्या काळची समजूत अशी होती की जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचा पदार्थ असतो आणि जळताना तो हवेत बाहेर पडतो. बंद बरणीत ज्योत विझते कारण हवा फ्लॉजिस्टननं गच्च भरते. मग नव्या वायूत ज्योत इतकी का पेटते? प्रिस्टलीचं उत्तर होतं की या हवेत फ्लॉजिस्टन अजिबात नाही, म्हणून ती भरपूर शोषून घेते. त्यानं तिला नाव दिलं फ्लॉजिस्टन काढलेली हवा.

लव्हाझिएनं तराजू काढला. जळल्यावर धातूचं वजन वाढतं. काही बाहेर पडत असेल तर वजन वाढेल कसं? म्हणजे हवेतलंच काहीतरी धातूला येऊन चिकटतं. हवा हा एकच पदार्थ नाही, तिचा एक भाग जळण्यात वापरला जातो. त्या भागाला त्यानं ऑक्सिजन म्हटलं, म्हणजे आम्ल तयार करणारा. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो असं त्याला वाटायचं, आणि तेही चुकीचं निघालं. मिठापासून बनणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच. म्हणजे आपण रोज वापरतो त्या नावातच जिंकणाऱ्याची चूक गोठलेली आहे. त्यापेक्षा आपला प्राणवायू हा शब्द जास्त नेमका म्हणायला हवा.

सेन्सर तुम्हाला आकडा देतो, कारण देत नाही. पानांच्या बाटलीत आकडा घसरला, तर तो श्वसनामुळे, गळतीमुळे, वाफेमुळे की तापमानामुळे, हे स्क्रीनवर येत नाही. ते दुसऱ्या बाटलीतून, दुसऱ्या मापातून शोधावं लागतं. प्रिस्टलीनं वायूचं आकारमान मोजलं, लव्हाझिएनं त्याच्या जोडीला वजनही केलं. तेवढ्या एका जास्तीच्या मापानं पारडं फिरलं.

जळालेली लॅब

१७८० मध्ये प्रिस्टली बर्मिंगहॅमला गेला. तिथे जेम्स वॅट, इरॅस्मस डार्विन अशा मंडळींच्या लूनर सोसायटीत त्याचा चांगला काळ गेला. पण धर्म आणि राजकारण यांवर तो फार मोकळं लिहायचा. फ्रेंच राज्यक्रांतीची त्यानं उघड बाजू घेतली.

१४ जुलै १७९१ ला बर्मिंगहॅममध्ये क्रांतीच्या दुसऱ्या वर्षदिनाचं जेवण होतं. प्रिस्टली तिथे गेलाही नव्हता. तरी जमाव त्याच्या घरावर चालून आला. तो आणि मेरी जेमतेम निसटले. घर, पुस्तकं, हस्तलिखितं आणि त्या काळातली एक उत्तम प्रयोगशाळा, सगळं गेलं. लंडनला आल्यावर विज्ञानातले जुने ओळखीचे लोकही त्याला टाळू लागले.

एप्रिल १७९४ मध्ये, वयाच्या साठीनंतर, तो बायकोसह जहाजानं अमेरिकेला निघाला. तो समुद्रात असताना, ८ मेला, पॅरिसमध्ये लव्हाझिएचा शिरच्छेद झाला. एकाला क्रांतीच्या विरोधकांनी देशोधडीला लावलं, दुसऱ्याचा बळी क्रांतीनंच घेतला. ऑक्सिजनच्या भांडणातले दोघेही असे उखडले गेले.

पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्दम्बरलँड गावी नदीकाठी प्रिस्टलीनं घर बांधलं आणि पुन्हा प्रयोगशाळा उभी केली. धाकटा मुलगा हेन्री १७९५ मध्ये गेला, १७९६ मध्ये मेरी गेली. तो काम करत राहिला. १८०० मध्ये त्यानं फ्लॉजिस्टनच्या बाजूनं आणखी एक पुस्तक लिहिलं. तोवर जवळजवळ सगळे रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएच्या बाजूला गेले होते. ६ फेब्रुवारी १८०४ ला प्रिस्टली वारला, आपलं मत न बदलता.

तो हट्टी होता, यात वाद नाही. पण त्याच्या पुस्तकांत एक गुण आहे. फसलेला प्रयोग, योगायोगानं जमलेला प्रयोग, आधी काढलेला चुकीचा निष्कर्ष, हे सगळं तो तारखांसकट लिहून ठेवायचा. म्हणूनच त्याची चूक नेमकी कुठे झाली हे इतरांना सापडलं आणि अडीचशे वर्षांनी आपल्यालाही सांगता येतं.

नँटविचच्या मुलांसारखी निगा

आता आपला सेन्सर. नँटविचच्या शाळेतल्यासारखं करा. वर्गातल्या दोघा-तिघांवर सेन्सरची जबाबदारी द्या आणि या गोष्टी भिंतीवर लिहून लावा.

१. सेन्सर विकत घेतल्याची तारीख त्याच्यावरच चिकटवा. कॅलिब्रेट करूनही आकडा २०.९ वर येत नसेल किंवा सारखा घसरत असेल, तर त्याचं आयुष्य संपलं.

२. प्रत्येक प्रयोगाआधी मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करा. तीस मुलं आणि बंद खिडक्या असलेल्या खोलीत नाही, खिडकीत किंवा व्हरांड्यात.

३. बाटलीत लावल्यावर आकडा स्थिर व्हायला मिनिटभर तरी द्या. वायूला पडद्यातून आत शिरायला वेळ लागतो.

४. हवेसाठीचा सेन्सर पाण्यात बुडवू नका आणि त्याच्या तोंडावर थेट फुंकू नका. श्वासातली वाफ पडद्यावर साचली की आकडा खोटा येतो. श्वास मोजायचा असेल तर आधी पिशवीत भरा, वाफ बसू द्या, मग मोजा.

५. सेन्सर उभा ठेवा, उन्हात आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. माहितीपत्रकात ठेवण्याची पद्धत दिलेली असते, ती फोटो काढून फोनमध्येच ठेवा.

६. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा प्रोब वेगळा असतो. त्याच्या टोकाच्या पडद्याला बोट लावू नका, आतलं द्रावण वेळेवर बदला आणि वापरल्यावर शुद्ध पाण्यानं धुवा. जुन्या पद्धतीचा प्रोब मोजताना स्वतःच ऑक्सिजन खातो, म्हणून पाणी हळूहळू ढवळत राहा. २५ अंशाला हवेनं पूर्ण भरलेल्या गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. प्रोब ठीक आहे का, हे तपासायला हा आकडा पाठ असू द्या.

७. संपलेला सेन्सर फोडू नका आणि कचऱ्यात टाकू नका. आत शिसं आणि दाहक द्रावण असतं. तो ई-कचऱ्यात द्या.

८. वही ठेवा. तारीख, कॅलिब्रेशन केल्यावर दिसलेला आकडा, प्रयोग, आणि काय फसलं. फक्त जमलेले आलेख फोनमध्ये जपून ठेवायचे आणि बिघडलेले डिलीट करायचे, असं करू नका.

वर्षाच्या शेवटी ती वही उघडली की सेन्सर कोणत्या महिन्यापासून थकायला लागला हे दिसेल, आणि पुढच्या वर्गाला तो कपाटातून काढल्यावर काय करायचं हे कुणाला विचारावं लागणार नाही.